ऑडिओबुक, छापील पुस्तक आणि ई-बुक: कुठवर आलो ते कसं लक्षात ठेवता?

निशिगंधा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी रोज कल्याण ते सीएसएमटी लोकलने जाते-येते. सकाळी बसायला मिळत नाही आणि उभ्याने सहाशे पानांचं पुस्तक एका हातात धरणं शक्यच नाही, म्हणून गाडीत ऑडिओबुक ऐकते, दुपारी डबा खाताना फोनवर त्याचंच ई-बुक उघडते आणि रात्री मागचं आवरून झालं की तीच कादंबरी छापील पुस्तकातून वाचते. ऐतिहासिक कादंबरी आहे, इतकी आवडलीय की दिवसभर सोडवत नाही, म्हणून तिन्ही रूपांत घेतली. पण आता होतंय असं की मी नक्की कुठे आहे हेच कळेनासं झालंय.

छापील पुस्तकात खूण पडून गेली तरी मला फारसा त्रास होत नाही. काल डाव्या पानावर खालच्या अंगाला, ते पत्र संपतं तिथे थांबले होते हे डोळ्यासमोर येतं, आणि डाव्या हातात जाडी किती आली होती त्या अंदाजाने उघडलं तरी दोन-चार पानं इकडेतिकडे करून सापडतं. ई-बुक बरोबर त्याच ओळीवर उघडतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण खाली ४३ टक्के लिहिलेलं असतं त्यावरून मला काहीच उमगत नाही, आणि मागे त्या वाड्यातल्या प्रसंगाकडे जायचं म्हटलं की तो कुठे होता ते अजिबात आठवत नाही. ऑडिओचं सगळ्यात अवघड. अ‍ॅप सेकंदासकट जागा लक्षात ठेवतं, पण ते कुठवर आलं ती जागा, मी कुठवर आले ती नाही! ठाण्याला गर्दी आत शिरते तेव्हा माझं लक्ष पर्सकडे, पायाखाली, आणि निवेदक आपला पुढे निघून जातो. कुर्ल्याला भानावर येते तर कुणीतरी वेगळंच बोलत असतं. मग मागे जायचं ते किती, दहा सेकंद की दहा मिनिटं?

तर दोन गोष्टी विचारायच्यात. एक, तुमच्या अनुभवात जागा धरून ठेवायला या तिघांतलं कोण चांगलं? आणि दोन, एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना तुम्ही जागा कशी जुळवता? गाडीतून उतरल्यावर जिथे ऐकणं थांबलं ते पान रात्री शोधण्यातच माझा वाचायचा वेळ जातो.

अक्षरवेडा

छापील. दुसरं काही नाही. फक्त वाचनालयाचं पुस्तक असेल तर पान दुमडू नका, पेनने खुणा तर मुळीच नको, एक कागदाची पट्टी ठेवायची आणि तिच्यावर पेन्सिलने शेवटच्या ओळीतले दोन-तीन शब्द लिहायचे. पट्टी पडली तरी शब्दांवरून जागा मिळते. माझ्याकडे जुन्या पट्ट्या जपून ठेवल्यात, बघितल्या की पुस्तक आठवतं.

भटक्या_हेडफोन

निशिगंधाताई, माझी फिरतीची नोकरी आहे, सांगली-कोल्हापूर-सोलापूर या पट्ट्यात बराच वेळ गाडी चालवतो आणि ऐकणं तेव्हाच होतं, त्यामुळे तुमची कुर्ल्याची अवस्था पूर्ण समजली. घाटात पुढे ट्रक आला की कान चालू असतात पण डोक्यात काही शिरत नाही. ऑडिओची अडचण बरोबर पकडलीत तुम्ही. छापील पुस्तकातून लक्ष उडालं तर डोळे थांबतात, निदान तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली जाते, म्हणजे पुस्तक तुमच्यासाठी थांबतं, ऑडिओ थांबत नाही. म्हणून मी काय करतो ते सांगतो, यातलं बरंच तुमच्या अ‍ॅपमध्ये सेटिंगमध्ये असेल.

सगळ्यात आधी मागे जायचं बटण. बहुतेक अ‍ॅपमध्ये ते १०, १५ किंवा ३० सेकंदांचं असतं आणि बदलता येतं, तर ते ३० करून टाका. दहा सेकंदांनी माणूस एक वाक्य मागे जातो आणि ते वाक्य ओळखीचं नसलं की परत दाबतो, परत दाबतो, असं गाडीत करत बसण्यात अर्थ नाही. दुसरं म्हणजे काही प्लेयरमध्ये थांबवून पुन्हा सुरू केलं की तो आपोआप थोडं मागून सुरू करतो, जितका जास्त वेळ बंद होता तितका जास्त मागून. रात्रभर बंद राहिलं तर सकाळी अर्धा-एक मिनिट आधीपासून ऐकायला मिळतं, मागचा धागा आपोआप जुळतो. ही सोय असेल तर लगेच चालू करा.

आता लक्ष उडाल्यावर मागे किती जायचं. थोडं थोडं मागे सरकत जाऊ नका. आधी एकदम मोठी उडी मारायची, सरळ पाच मिनिटं किंवा प्रकरणाच्या सुरुवातीला, जिथलं वाक्य नक्की ऐकलेलं आहे अशा ठिकाणी, आणि मग तिथून पुढे एकेक मिनिट सरकत यायचं. ओळखीचं, ओळखीचं, ओळखीचं, आणि जिथे अनोळखी लागलं तिथून एक उडी मागे. मागून पुढे यायला कमी वेळ लागतो, कारण ऐकलेलं वाक्य ऐकलेलं आहे हे लगेच कळतं. उलट दिशेने जाताना मात्र न ऐकलेला भाग कानावर पडतो आणि पुढची गोष्ट आधीच फुटते. रहस्यकथा असेल तर सगळी मजाच गेली.

बुकमार्क. लोक हे बटण वापरतच नाहीत! गर्दीचं स्टेशन यायच्या आधी, तुमच्या बाबतीत ठाणं यायच्या आधी, एकदा दाबून ठेवा. मग कुर्ल्याला काहीही झालं तरी ठाण्याच्या आधीची जागा हातात आहे. काही अ‍ॅपमध्ये बुकमार्कबरोबर दोन शब्द लिहिता येतात, तिथे प्रसंग लिहायचा, "पत्र", "वाडा", असं. नुसता ६ तास ३१ मिनिटं हा आकडा महिनाभराने बघितला तर काही बोध होत नाही.

रात्री झोपताना ऐकत असाल तर टायमर लावल्याशिवाय ऐकू नका, आणि "१५ मिनिटांनी बंद" यापेक्षा "प्रकरण संपल्यावर बंद" हा पर्याय असेल तर तो घ्या, सकाळी निदान प्रकरणाच्या सुरुवातीपासून शोधता येतं.

इअरफोनचं पण बघा. स्पर्शाने चालणारे असतील तर गर्दीत कुणाचा हात लागून किंवा ओढणी अडकून दोनदा टॅप होतो आणि प्रकरणच पुढचं लागतं. मी पुढे-मागे जायचे टॅप बंदच करून टाकलेत, फक्त थांबवणे आणि सुरू करणे एवढंच ठेवलंय.

आणि जे लोक स्वतःकडे फाइल ठेवून ऐकतात त्यांच्यासाठी, साध्या गाण्यांच्या प्लेयरमध्ये ऑडिओबुक लावू नका, त्याला जागा लक्षात ठेवायची सवय नसते, मध्ये एक गाणं ऐकलं की गेलं सगळं. एमपीथ्रीचे सुटे तुकडे असतील तर ऑडिओबुकसाठी बनवलेला प्लेयर घ्या. एमफोरबी नावाचा प्रकार मिळाला तर उत्तम, त्यात अख्खं पुस्तक एका फाइलीत असतं, आत प्रकरणांच्या जागा असतात आणि प्लेयर त्याला गाणं न समजता पुस्तक समजतो.

रानजाई

मला लहानपणापासून अगदी कमी दिसायचं आणि आता मुळीच दिसत नाही, म्हणजे पुस्तकात जागा राखणं हा माझ्या आयुष्यभराचा विषय आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ऑडिओबुक ही फोनबरोबर आलेली नवी गोष्ट आहे असं पुष्कळांना वाटतं. आमच्यासाठी ती फार जुनी आहे. ब्रिटनमध्ये अंध वाचकांसाठी बोलकी पुस्तकं १९३५ मध्ये तबकड्यांवर निघाली, एका बाजूला साधारण २५ मिनिटं वाचन, म्हणजे एका कादंबरीला तबकड्यांचा गठ्ठाच. जागा राखायची म्हणजे कितवी तबकडी आणि कुठली बाजू हे लक्षात ठेवायचं. आपल्याकडे माझ्या पिढीने कॅसेटवर ऐकलं. कॅसेटचा एक गुण अजून कुणी भरून काढलेला नाही असं मी मनापासून सांगते: ती जिथे थांबवली तिथेच राहते. टेपरेकॉर्डरमधून काढा, मैत्रिणीला द्या, तिने तिच्या टेपमध्ये घातली की त्याच वाक्यापासून सुरू. जागा वस्तूतच असायची, अकाउंट नाही, सिंक नाही, काही नाही. आम्ही कॅसेटच्या डबीवर ब्रेलमध्ये क्रमांक चिकटवायचो. मग सीडी आल्या आणि ते सुख गेलं, काढली की परत पहिल्यापासून.

याच अडचणीतून डेझी हा प्रकार आला. १९९६ मध्ये त्यासाठी वेगवेगळ्या देशांतल्या अंध वाचकांच्या ग्रंथालयांनी एकत्र येऊन संघ काढला. डेझी पुस्तकात आवाज असतोच, पण त्याला पुस्तकाचा सांगाडा जोडलेला असतो, भाग, प्रकरण, उपप्रकरण अशा सहा पातळ्यांपर्यंत, आणि छापील पानांचे क्रमांकसुद्धा. म्हणजे वर्गात शिक्षक म्हणाले की पान ८४ काढा, तर मीही ८४ टाकून त्याच पानावर जाते, ऐकूनच. वाक्यावाक्याने मागे जाता येतं, सेकंदांनी नाही. हा फरक ज्याने वापरलाय त्यालाच कळेल. तीस सेकंद मागे गेलं की मी एखाद्या शब्दाच्या मध्यात पडते, एक वाक्य मागे गेलं की वाक्याच्या सुरुवातीला येते.

बाजारातली ऑडिओबुकं आवाजाला फार सुंदर असतात, चांगले नट वाचतात, पण आत "भाग १, भाग २, भाग ३" एवढंच, आणि तो भाग म्हणजे पुस्तकातलं प्रकरण असेलच असं नाही. मला हे फार खटकतं. रेकॉर्डिंगला एवढी मेहनत घेतात, मग प्रकरणाचं नाव टाकायला काय हरकत आहे?

ज्यांच्या घरात कुणाला दिसत नाही किंवा कमी दिसतं, किंवा हात थरथरतात म्हणून पुस्तक धरता येत नाही, त्यांनी सुगम्य पुस्तकालय माहीत करून घ्या. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालय आहे, केंद्र सरकारचा दिव्यांग विभाग आणि डेझी फोरम ऑफ इंडिया यांनी मिळून काढलेलं. सभासदत्वासाठी अपंगत्वाचा दाखला लागतो. हे शक्य झालं ते २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीमुळे, आमच्यासारख्यांसाठी पुस्तक वाचता येईल अशा रूपात आणायला त्यानंतर मोकळीक मिळाली. आणि मराकेश करार म्हणून याच विषयावर जगभराचा करार आहे, त्याला सगळ्यात आधी मान्यता देणारा देश भारत, २०१४ मध्ये. याचा मला अभिमान आहे.

आता निशिगंधाताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर. ऑडिओ आणि ई-बुक अशा दोन वेगळ्या जागा ठेवूच नका. ई-बुकच फोनकडून वाचून घ्या. अँड्रॉइडच्या फोनमध्ये मराठी बोलणारा आवाज आहे, आणि ज्या अ‍ॅपमध्ये मोठ्याने वाचण्याची सोय आहे तिथे फोन वाचत जातो तसं पानही सरकत जातं. गाडीत कानाने, दुपारी डोळ्याने, जागा एकच. आवाज यांत्रिक आहे, जोडाक्षरं आणि नावं कधीकधी विचित्र वाचतो, नटाच्या आवाजाची सर त्याला येणार नाही हे मान्य. पण चार दिवसांत कान सरावतो, आणि एखादा शब्द कळला नाही तर थांबून अक्षर अक्षर ऐकता येतं. आम्ही असंच वाचतो.

अभ्यासिका_पुणे

रानजाई, तुमची पोस्ट सेव्ह करून ठेवली, कॅसेटचं तर कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मी राज्यसेवेची तयारी करतेय त्यामुळे माझ्यासाठी जागा म्हणजे "कुठे थांबले" यापेक्षा "ते कुठे होतं" हे जास्त. कलम वाचलेलं असतं, उजव्या पानावर वरती चौकटीत होतं हेही आठवतं, आणि त्या आठवणीवरूनच मजकूर आठवतो. मला वाटायचं ही माझीच सवय, पण मानसशास्त्रात यावर जुना अभ्यास आहे. अर्न्स्ट रॉथकॉफ नावाच्या संशोधकाने १९७१ मध्ये दाखवलं की वाचकाला न सांगता, न ठरवता सुद्धा एखादी माहिती पानावर कुठल्या भागात होती हे लक्षात राहतं, आणि ते योगायोगापेक्षा बरंच जास्त. निशिगंधाताईंना ते डाव्या पानावरचं पत्र दिसतं ते यामुळेच.

ई-बुकमध्ये अक्षर मोठं केलं की सगळं पानच बदलतं, आज वर असलेली ओळ उद्या खाली, मग मनात धरायला राहतं काय? पीडीएफमध्ये निदान पान ठरलेलं असतं म्हणून माझ्या बऱ्याच मैत्रिणी अजून पीडीएफच वापरतात, फोनवर वाचायला डोळे फुटतात तरी.

अजून एक. वाचताना डोळे सारखे पुढेच जात नाहीत, छोट्या उड्या मारतात, आणि त्या उड्यांतल्या शंभरातल्या दहा-पंधरा मागे असतात, हे डोळ्यांच्या हालचालींवरच्या संशोधनात पक्कं झालेलं आहे. म्हणजे आपल्या नकळत आपण सतत मागचं परत बघून घेतो. ऐकताना ही मागे बघायची सोयच नाही, बटण दाबायचं म्हणजे तो निर्णय घ्यावा लागतो. माझ्या मते ऑडिओत हरवायला होतं त्याचं मूळ हे आहे.

पण ऑडिओला कमी लेखायला नको. २०१६ मध्ये बेथ रोगोव्स्की आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग छापून आला, ९१ मोठी माणसं, काहींनी ऐकलं, काहींनी स्क्रीनवर वाचलं, काहींनी दोन्ही एकदम केलं. किती समजलं आणि दोन आठवड्यांनी किती आठवलं यात तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. आणि कागद विरुद्ध किंडल (अ‍ॅमेझॉनचं ई-बुक वाचायचं यंत्र) असा प्रयोग नॉर्वेच्या अ‍ॅन मँगन यांच्या गटाने केला, २०१९ चा, ५० वाचक, एकच लांब रहस्यकथा, अर्ध्यांना छापील, अर्ध्यांना किंडलवर. बहुतेक बाबतीत दोघे सारखेच. फरक पडला तो कुठल्या घटनेनंतर कुठली घटना घडली, काय आधी काय नंतर, यात. तिथे कागदवाले पुढे. हातातली जाडी बदलत जाते त्यातून कथेतल्या काळाचा अंदाज पक्का होत असावा, असं त्यांचं स्पष्टीकरण आहे. मला हे अगदी पटतं, इतिहासाचा पेपर मी कागदावरूनच करते. चालू घडामोडी मात्र चालताना ऐकते, तिथे जागा राखायची गरजच नाही.

ई-बुकमध्ये शोध घेता येतो हा त्याचा मोठा गुण आहे हे सांगायचं राहिलं. फक्त मराठीत सांभाळून, कारण जुनी पुस्तकं स्कॅन केलेली असतात किंवा युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये, दिसायला मराठी पण शोधायला गेलं तर शून्य. घ्यायच्या आधी नमुना उघडून एखादा शब्द शोधून बघा.

निशिगंधा

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. रानजाईताई, फोनकडून वाचून घ्यायचं मी आज करून बघितलं, आवाज खरंच कोरडा आहे पण उतरल्यावर फोन उघडला तर नेमकी तीच ओळ समोर! तरीपण या कादंबरीच्या निवेदकाचा आवाज सोडवत नाही हो, लढाईचा प्रसंग त्याने असा वाचलाय की अंगावर काटा येतो. म्हणून ऑडिओ आणि छापील या दोघांची जागा जुळवायची काही युक्ती असेल तर हवीच आहे. आणि एक राहिलं, ई-बुकचं अकाउंट माझं आणि नवऱ्याचं एकच आहे, त्यानेही आता तीच कादंबरी सुरू केलीय आणि माझ्या फोनवर "पुढच्या जागेवर जायचं का" असं विचारतं. चुकून हो म्हटलं की मी त्याच्या पानावर.

देशपांडे_सर

निवृत्त शिक्षक आहे, तांत्रिक काही सांगू शकणार नाही, पण हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी सोडवलेला आहे म्हणून लिहितो.

ज्ञानेश्वरी घ्या. अठरा अध्याय, नऊ हजारांच्या आसपास ओव्या, आणि प्रत्येक ओवीला क्रमांक. माझ्या आईकडे मोठ्या टायपाची प्रत होती, माझ्याकडे खिशात मावणारी, आता नातीच्या फोनवर आहे, आणि पठण ऐकायलाही मिळतं. पानांचे क्रमांक कुठेच जुळत नाहीत, पण सहाव्या अध्यायाची चौदावी ओवी म्हटलं की चौघंही एकाच ठिकाणी येतो. प्रतीप्रतीत ओव्यांच्या संख्येत थोडा फरक असतो, तरी दोन-चार ओव्यांत सापडतंच. जागा पानाला न बांधता मजकुरालाच बांधली म्हणून हे जमतं. कीर्तनकार नुसता अध्याय-ओवी सांगतात आणि समोरचा वारकरी बरोबर तिथे पोचतो.

दुसरं, थांबायची ठिकाणं आधीच ठरवलेली असत. गुरुचरित्राच्या सप्ताहात पहिल्या दिवशी नवव्या अध्यायापर्यंत, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, मग एकोणतीस, पस्तीस, अडतीस, त्रेचाळीस आणि सातव्या दिवशी समाप्ती, अशी विभागणी पुष्कळ घरांत पाळतात. मधेच कुठेतरी थांबायचं नाही, त्यामुळे उद्या कुठून हा प्रश्नच येत नाही.

निशिगंधा, तुम्ही असं करून पाहा. गाडीत ऐकताना प्रकरण संपेल तिथेच थांबा, स्टेशन आधी आलं तर जिना चढेपर्यंत ऐका, आणि रात्री नव्या प्रकरणापासून छापील वाचा. एका रूपातून दुसऱ्यात जाणं फक्त प्रकरणाच्या उंबऱ्यावर. कादंबरीत ओवीक्रमांक नसतात पण प्रकरण तर असतं.

भटक्या_हेडफोन

सरांचं एकदम पटलं, मी पण हे सुरू करणार.

पण प्रकरणं साठ-साठ पानांची असतील किंवा ऑडिओतले भाग वेगळे पाडलेले असतील तर सरळ गुणाकार करा. समजा पुस्तक ६०० पानांचं आणि ऑडिओ २४ तासांचा, म्हणजे तासाला २५ पानं. साडेसहा तासांवर थांबलात तर २५ गुणिले साडेसहा, १६२ च्या आसपास पान. एवढंच की पानं मोजताना कथा सुरू होते तिथून संपते तिथपर्यंतच मोजा, प्रस्तावना, ऋणनिर्देश, शेवटची सूची हे बहुतेक ऑडिओत वाचत नाहीत. आणि ऐकायचा वेग सव्वापट ठेवला असेल तर काही अ‍ॅप उरलेला वेळ त्या वेगाप्रमाणे दाखवतात, म्हणून "किती झालं" हा आकडा घ्या, "किती राहिलं" तो नको. संवाद जास्त असलेल्या भागात दोन-चार पानांचा फरक येतो कारण संवादाच्या पानावर शब्द कमी, पण तेवढं डोळ्याने सापडतं. तासाला किती पानं तो आकडा पुस्तकाच्या पट्टीवरच लिहून ठेवा.

अकाउंटचं: वाचनाची अ‍ॅप "सगळ्यात पुढे गेलेलं पान" धरून सिंक करतात, एका अकाउंटवर दोन वाचक आणि एकच पुस्तक असेल तर जो पुढे आहे त्याची जागा दोघांना मिळते. म्हणून विचारलं की नाही म्हणा, आणि त्या पुस्तकापुरतं तुमच्यापैकी एकाच्या फोनवर सिंक बंद करा. पण सिंक बंद केलं की तो फोन बिघडला किंवा बदलला तर जागा गेली, म्हणून अधूनमधून बुकमार्क टाकत जा किंवा प्रकरण कुठलं ते लिहून ठेवा. दोघंही खूप वाचत असाल तर वेगळं अकाउंटच बरं.

इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो, ऑडिबल (अ‍ॅमेझॉनचंच ऑडिओबुकचं अ‍ॅप) आणि किंडल या दोघांत जागा जुळवायची सोय २०१२ पासून आहे, ज्या पुस्तकांना ती दिलीय तिथे ऐकणं थांबवलं की किंडलवर त्याच जागी उघडतं. दोन्ही रूपं घ्यावी लागतात.

रानजाई

भटक्या, ऑडिबल-किंडलची सोय एका कंपनीपुरती झाली. पण ई-पब या ई-बुकच्या खुल्या प्रकारातच २०११ पासून, म्हणजे तिसऱ्या आवृत्तीपासून, लेखी वाक्य आणि बोललेलं वाक्य एकमेकांना बांधून ठेवायची तरतूद आहे, नटाच्या खऱ्या आवाजासकट. शिवाय छापील पुस्तकातली पानं कुठे सुरू होतात त्याची यादी त्याच फाइलीत देता येते. म्हणजे निशिगंधाताईंना हवंय ते तिन्ही एका फाइलीत बसतं, ऐकायचं, बघायचं आणि छापील पान क्रमांक. मराठी प्रकाशकांपैकी कुणी इथे वाचत असेल तर माझी कळकळीची विनंती, पुढच्या ई-बुकमध्ये निदान पानांची यादी आणि प्रकरणांची नावं तरी घाला, आणि ऑडिओतले भाग प्रकरणांप्रमाणेच पाडा. छपाईला जाताना पानं लावलेली फाइल तुमच्याकडे असतेच.